झाडावरून आलेलं ‘नाही’

झाडांच्या छाटणी-तोडणीची कामं देणारे अधिकारी, ठेकेदार, इमारतींचे व्यवस्थापक आणि जागामालक यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, कामाच्या जागी आमच्यातला चढणारा माणूस ‘हे मी करणार नाही’ म्हणाला, की तुमच्यापैकी बहुतेकांना तो घाबरलाय असं तरी वाटतं, नाहीतर भाव वाढवून मागतोय असं. मी बावीस वर्षं दोरावर काम करतोय. मोडकी फांदी उतरवणं, वाळलेलं झाड तुकड्या-तुकड्यांनी खाली आणणं, वादळात छपरावर आलेलं खोड मोकळं करणं, आणि जमेल तिथे झाड वाचवणं हा माझा धंदा. या बावीस वर्षांत मी जितक्या वेळा ‘नाही’ म्हणालो त्यातल्या एकाही ‘नाही’चा मला पश्चात्ताप झालेला नाही. जे म्हणालो नाही, त्यांचा होतो. म्हणून हे पत्र.

एक दिवस सांगतो. रस्त्याकडेचं मोठं झाड, अठरा मीटरच्या आसपास उंच, पानं हिरवीगार, खोड ठणठणीत. एका अंगाच्या फांद्या शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांना टेकत होत्या, तेवढ्या कमी करायच्या होत्या. बुंध्यापासून हात-दीड हातावर नवी फरशी दिसत होती. मी विचारलं, ‘‘इथे काही खोदलं होतं का?’’ काम देणाऱ्याकडून उत्तर आलं, ‘‘छे, जुनी फरशी खराब झाली होती, ती बदलली.’’ मी वर गेलो.

पाऊण तासानंतर मी वरच्या बेचक्यात दोर टाकून सॉ, म्हणजे साखळीची यंत्र-करवत, घेऊन एका आडव्या फांदीवर बाहेर सरकलो होतो. वारा होता, पण काम थांबवावं असा नव्हता. तेवढ्यात हेल्मेटमधल्या हेडसेटवर खालच्या मुलाचा आवाज आला. ‘‘दादा, सॉ बंद करा. खाली या.’’ का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात ठरलेलंच आहे, खालून ‘खाली या’ आलं की आधी उतरायचं, कारण मग विचारायचं.

उतरल्यावर त्याने मला फरशीपाशी उकिडवं बसवलं. दोन फरश्यांमधल्या सांधेत त्याने गवताची एक सुकी काडी उभी खोचून ठेवली होती. वाऱ्याची झुळूक आली की सांध किंचित उघडायची आणि काडी जराशी आत घसरायची. झुळूक गेली की सांध मिटायची आणि काडी चेपली जायची. आम्ही दोघं बघत असताना ती काडी बोटाच्या पेराएवढी आत गेली. झाड त्या बाजूने मुळ्यांसकट उचललं जात होतं, आणि मी पाऊण तास त्याच्या शेंड्याला माझं वजन लावून बसलो होतो.

नंतर फरशी उचलायला लावली. खाली बुजवलेला चर निघाला. दीड महिन्यापूर्वी केबल टाकताना यंत्राने खणलेला. मनगटाएवढ्या, पोटरीएवढ्या मुळ्या एका ओळीत तुटलेल्या आणि वर माती लोटलेली. पानं हिरवी होती ती झाडाच्या अंगात साठा होता म्हणून. मुळ्या तुटल्याची बातमी शेंड्यापर्यंत पोहोचायला कधी कधी दोन-तीन वर्षं लागतात. तोवर खालून बघणाऱ्याला झाड छान दिसतं.

त्या मुलाची काडी नसती तर काय झालं असतं याचा विचार मी आता करत नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. या कामाचा भाव ठरवताना आम्हाला सांगण्यात आलं होतं, की खालचा एक माणूस कमी करा. ‘‘तो नुसता उभाच असतो ना, त्याचे पैसे कशाला?’’ तो नुसता उभा असलेला माणूस म्हणजेच हा मुलगा.

खाली उभा असलेला माणूस काय करतो ते म्हणूनच जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे कापायची वेळ आली की पहिली कात्री नेहमी त्याच्यावर चालते.

ओल्या लाकडाचं वजन बहुतेकांच्या अंदाजात बसत नाही. आम्ही ढोबळ हिशेब धरतो तो घनमीटरला एक टन. झाडागणिक थोडं कमी-जास्त होतं, पण जीव सांभाळायला हा आकडा पुरतो. अर्धा मीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने जवळपास २०० किलोचा भरतो. खाली घर, तारा किंवा वाहनं असली की तो सरळ टाकून देता येत नाही, दोराला बांधून उतरवावा लागतो. आता तो ओंडका ज्या कप्पीवरून खाली जातो ती कप्पी बहुतेक वेळा त्याच खोडाला, कापाच्या जरा खाली बांधलेली असते, आणि तिच्याही खाली मी असतो, त्याच खोडाला पट्ट्याने बांधलेला. कापलेला तुकडा आधी पडतो, मग दोर ताणला जातो. खालच्या माणसाने दोर जागच्या जागी पकडून धरला तर खोडाला बसणारा हिसका तुकड्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. खोड हलतं, आणि त्याच्याबरोबर मी. जाणता माणूस दोर पळू देतो. बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळीभोवती दोराचे दोन-तीन वेढे असतात, त्या घर्षणावर तो दोर सोडत सोडत तुकड्याला मवाळपणे थांबवतो. किती वेढे घ्यायचे, कधी सोडायचं, कधी आवळायचं हे त्याच्या हातात असतं. वर काम करणाऱ्याच्या पाठीला दिवसभरात किती हिसके बसले त्यावरून खालचा माणूस कसा आहे ते कळतं.

ओंडका उतरवायचा नसतो तेव्हाही त्याला सवड नसते. माझे दोर फांद्यांच्या ढिगात गुंतू द्यायचे नाहीत, ते चिपरच्या, म्हणजे फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्राच्या, जवळपास फिरकू द्यायचे नाहीत. चिपरमध्ये फांदी बुडाकडून घालायची, आणि तिच्यात अडकेल असं सैल काही अंगावर ठेवायचं नाही. रस्त्यावरून मोबाइल बघत येणाऱ्या माणसाला अडवायचं. आणि या सगळ्यात दर मिनिटाला एकदा वर बघायचं.

त्याच्याकडे हार्नेस आणि चढण्याच्या सामानाचा दुसरा संच तयार असतो. तो शोभेचा नसतो. वरचा माणूस जखमी झाला, मधमाश्या उठल्या किंवा फांदीचा तडाखा बसून बेशुद्ध पडला, तर तो हार्नेसमध्ये लोंबकळत राहतो, आणि तसं निपचित लटकणंच थोड्या वेळात जिवावर बेतू शकतं. बाहेरून मदत येईपर्यंत थांबायला सवड नसते. ज्याला चढता येतं आणि वरच्या माणसाला घेऊन उतरता येतं असा एकजण खाली हजर हवा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ साली सुरू झालेली, झाडांची निगा राखणाऱ्यांची संस्था १९७६ पासून चढणाऱ्यांच्या स्पर्धा भरवते. त्यात एक फेरी केवळ याचीच असते. झाडात अडकलेल्या पुतळ्याला जखमी माणूस समजायचं आणि ठरलेल्या वेळात सुखरूप खाली आणायचं. जगभरातले उत्तम चढणारे ज्याची तालीम करतात, त्या कामासाठी ठेवलेल्या माणसाला आपण ‘नुसता उभा’ म्हणतो.

दुसरी गोष्ट, चढण्याआधीच्या वीस मिनिटांची.

आम्ही गाडीतून उतरतो आणि झाडाभोवती फिरत राहतो, तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघता. मला ते दिसतं. त्या वीस मिनिटांत आम्ही काय बघतो? बुंध्याशी, मुळ्यांच्या फुगोट्यांमध्ये बुरशीची छत्रं किंवा काळपट खपल्या आहेत का. काही बुरश्या लाकडाला आतून असं ठिसूळ करतात, की वरचा भाग हिरवागार असताना बुंधा काचेसारखा तुटतो, आणि बाहेर दिसते ती केवळ जळक्या कोळशासारखी एक पापुद्र्याची चकती. मग हातोडीने खोड वाजवत एक फेरी. टणक आवाज चालत येतो आणि मध्येच एका ठिकाणी बद्द होतो. तिथे खडूची खूण करायची आणि तो बद्दपणा किती रुंद आहे ते शोधायचं. खोडावरचा फुगवटा, उभी कड, सालीवरच्या आडव्या सुरकुत्या. जर्मनीतले शास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांनी ही झाडाची देहबोली वाचण्याची रीत नीट मांडून ठेवली आहे. झाडाला जिथे ताण जास्त पडतो तिथे ते जास्त लाकूड घालतं, म्हणून अवेळी आलेला फुगवटा आतल्या दुखण्याचा पत्ता देतो. जुन्या चढणाऱ्यांना हे अंदाजाने कळत होतं. आता ते कळण्यामागचं कारणही सांगता येतं, एवढाच फरक.

मग वर बघायचं. वाळलेल्या, मोडून नुसत्या अडकून राहिलेल्या फांद्या, पोळी, घरटी, तारा. तारांबद्दल एकच सांगतो, तारेला हात लागायलाच हवा असं नसतं. तारेला टेकलेली ओली फांदी आणि त्या झाडाला बांधलेला मी, एवढं पुरतं.

शेवटी दोर कुठे टाकायचा ते ठरवायचं. इथे एक साधं गणित आहे, ते काम देणाऱ्यांनाही माहीत असावं असं मला वाटतं. दोर वरच्या बेचक्यावरून टाकून त्याचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं आणि मी लोंबत्या बाजूने चढलो, तर त्या बेचक्यावर माझ्या वजनाच्या दुप्पट भार येतो. अंगावरचं सामान धरून मी १०० किलो, तर बेचक्याला जवळपास २०० किलो. म्हणून आधी दोघं मिळून त्या दोराला लोंबकळतो, हिसके देतो, कान देऊन ऐकतो. काहीतरी करकरलं तर दुसरं बेचकं. दुसरं नसेल तर ‘नाही’.

हे ‘नाही’ म्हणायला फार जोर लागतो हे तुम्हाला कळावं अशी माझी इच्छा आहे. समोर रस्ता बंद केलेला असतो. क्रेन नाही, कारण तिचे पैसे भावात धरलेले नाहीत. चार माणसं हात बांधून उभी असतात, कुणीतरी म्हणतं, ‘‘मागच्या वेळचा मुलगा तर सरसर चढला होता.’’ आणि चढणारा विशी-पंचविशीतला असतो. त्या वयात मला कुणी असं म्हटलं असतं तर मी चढलो असतो. चढलो आहे. वाळलेल्या फांदीवर पट्टा टाकून दोन्ही हातांनी सॉ चालवला आहे, खालच्या माणसाशिवाय काम केलं आहे, आणि रात्री झोप लागली नाही तरी सकाळी पुन्हा तेच केलं आहे.

एकदा मी एका पोकळ बुंध्याच्या झाडावर चढायला नकार दिला. जमिनीपासून छातीपर्यंत हातोडीचा आवाज ढोलासारखा येत होता, आणि एका बाजूला ठणठणीत लाकूड चार बोटंसुद्धा उरलं नव्हतं. मी म्हटलं, उचलणारी गाडी आणा, बास्केटमधून काम करू, झाडाला बांधून घेणार नाही. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी टोळी बोलावली गेली. त्यांतला एक मुलगा चढला, काम करून उतरला. मला फोन आला, ‘‘बघा, झालं की नाही?’’ तो सुखरूप उतरला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी नकार का दिला होता हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला पुढे त्याच्याकडूनच कळलं. ते झाड त्या दिवशी पडलं नाही, म्हणून ते चढण्यासारखं होतं असं होत नाही. त्याला निदान माझी खडूची खूण दाखवायला हवी होती. चढायचं की नाही ते मग त्याचं त्याने ठरवलं असतं.

आता ज्या ‘नाही’वरून आपलं सगळ्यात जास्त वाजतं, त्याकडे येतो. ‘‘झाड बोडकं करून टाका.’’ म्हणजे वरचे सगळे शेंडे अर्ध्यातून उडवा, काठ्या उभ्या ठेवा, पाच वर्षं बघायला नको.

बघावं लागतं, आणि तेही लवकर. अर्ध्यात कापलेल्या जाड फांदीच्या टोकाशी धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. हे धुमारे झपाट्याने वाढतात, पण त्यांचा जोड सालीलगतच्या वरच्या थरापुरता असतो. साध्या फांदीसारखी त्यांची मुळं खोडाच्या आत खोल गेलेली नसतात. आणि ज्या टोकावर ते उभे असतात ते टोक त्याच वेळी आतून कुजत असतं. काही वर्षांनी मनगटाएवढे झालेले धुमारे कुजक्या टोकावर हेलकावे खात असतात. खाली गाड्या लागलेल्या असतात. आधी जे झाड धोक्याचं नव्हतं ते आता झालेलं असतं, आणि ते उतरवायला पुन्हा आम्हीच वर जातो, त्याच धुमाऱ्यांमध्ये भरवशाचं बेचकं शोधत.

झाडाच्या जखमेबद्दल आपली समजूतच मुळात माणसाच्या जखमेवरून आलेली आहे. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली आपली मांडणी सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. तिचं सार असं, की झाडाचं कुजलेलं लाकूड पुन्हा कधी चांगलं होत नाही. झाड त्या भागाला चारी बाजूंनी भिंती घालून कोंडतं आणि त्यावर नवं लाकूड चढवत जातं. या भिंती सगळ्यात पक्क्या कुठे पडतात, तर फांदी जिथे खोडातून निघते तिथल्या फुगीर कड्यापाशी. म्हणून आम्ही फांदी त्या कड्याच्या जरा बाहेरून घेतो. आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्याही पुढे वरून काप, म्हणजे जड फांदी खाली जाताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी, सावकाश. खोडाला घासून कापलं तर तो कडा जातो, लांब खुंट सोडला तर तो कुजत आत जातो. आणि वरून डांबर, रंग, लेप काहीही नको. त्याचा उपयोग नाही.

आमच्या धंद्यातही चुका झाल्या आहेत, हे लपवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडाच्या ढोल्या साफ करून त्यात सिमेंट भरायची पद्धत जोरात होती. दाताची पोकळी भरावी तशी. जुनी झाडं कापताना आजही ते सिमेंट कधी कधी चेनला लागतं. झाड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही, आणि साफ करताना झाडाने घातलेल्या भिंतीच खरवडून निघायच्या. ती पद्धत धंद्याने सोडून दिली. चूक कळली की सोडता येते, बोडकं करणंही सोडता येईल. फांद्या खिडकीला लागतात ना? मग त्या खिडकीपुरत्या, आतल्या जोडापर्यंत कमी करून देतो. प्रकाश हवा ना? आतून विरळ करून देतो. तुम्हाला काय हवंय ते सांगा. ते कुठल्या कापाने साधायचं ते आमच्यावर सोडा.

बुटाच्या लोखंडी काट्यांचंही तसंच. काटे लावले की चढणं भराभर होतं, म्हणून काही ठिकाणी आग्रह धरला जातो. जे झाड पाडायचंच आहे त्यावर मी काटे लावतो. जे राखायचं आहे त्याच्या सालीत दर पावलाला भोक पाडत मी चढणार नाही.

वादळानंतरच्या घाईबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुमच्यावर वरून किती दाब असतो ते मी पाहिलं आहे. पडलेलं झाड म्हणजे आडवं टाकलेलं लाकूड नव्हे. ते ठिकठिकाणी ताणलेलं असतं, धनुष्यासारखं. खोड कापलं की उपटलेला मुळ्यांचा गड्डा कधी कधी झटक्यात परत खड्ड्यात उभा राहतो. कुठली बाजू ताणलेली, कुठली दबलेली, हे वाचल्याशिवाय सॉ लावला तर चेन अडकते, नाहीतर खोड अंगावर येतं. त्या वेळी तुम्ही दिलेली दहा मिनिटं फार मोठी असतात.

संध्याकाळी सामान आवरताना, चेनला कानस मारताना आमच्या ज्या गप्पा होतात त्या तुम्ही कधी ऐकल्या नसतील. अर्ध्या गप्पा गाठींच्या असतात. कुणी अजून वजन आलं की दोराला आवळून धरणाऱ्या जुन्या प्रुसिक गाठीवर, जी १९३१ साली गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी पुढे आणली, तिच्यावर जीव टाकतो. कुणी म्हणतो, ओल्या दोरावर ब्लेकची गाठच बरी. नव्या मुलांना यांत्रिक पकड आवडते. एका दोराने चढावं की दुहेरी, यावर दोन जिवलग मित्रांना मी तासभर भांडताना पाहिलं आहे. उरलेल्या अर्ध्या गप्पा असतात त्या वाचलेल्या वेळांच्या. ‘त्या दिवशी मी दुसरा पट्टा लावला नसता तर.’ ‘सॉची चेन सेकंदाला वीस मीटरने पळते, मला कळायच्या आत तो उसळून हेल्मेटवर आला होता.’ या गोष्टी हसत हसत सांगितल्या जातात. नीट ऐकलं तर बहुतेक गोष्टींची सुरुवात एकसारखी असते, ‘मला आधीच वाटलं होतं, पण म्हटलं जाऊ दे.’

त्या ‘जाऊ दे’च्या मागे पैसा असतो. दिवसाचं काम रद्द झालं तर चढणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज जातो, खालच्या दोघा-तिघांचा जातो, आणि पुढच्या कामाला आपलं नाव निघेल की नाही ही धास्ती राहते. झाडामागे ठरावीक भाव असला की लवकर संपवण्यात सगळ्यांचा फायदा आणि थांबण्यात सगळ्यांचं नुकसान. असा करार करून वर ‘सुरक्षिततेला प्राधान्य’ असं छापलेलं जाकीट आम्हाला घालायला दिलं जातं.

अमेरिकेत झाडांवर काम करणाऱ्यांसाठी झेड-१३३ नावाचं सुरक्षा मानक आहे, पहिल्यांदा १९७२ साली मंजूर झालेलं. ते कुठल्या मोठ्या कंपनीला सुचलं नव्हतं. झाड छाटताना मुलगा गेलेल्या एका आईने १९६८ साली त्यासाठी अर्ज केला, आणि तिथून ते सुरू झालं. मी ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी आमच्या टोळीतल्या सगळ्यात लहान मुलाच्या घरी फोन करून त्याच्या आईशी बोललो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आम्ही त्याला एकट्याला वर सोडत नाही, एवढंच सांगितलं.

झाडंही बदलत आहेत. युरोपात अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागून ती मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. अ‍ॅश म्हणजे ज्याच्या लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे करतात ते झाड, वाकेल पण तुटणार नाही अशी त्याची ख्याती. रोग लागलेलं अ‍ॅश इतकं ठिसूळ होतं, की तिथले पट्टीचे चढणारेही त्यावर चढायला नकार देतात आणि उचलणारी गाडी किंवा यंत्र मागतात. त्यांना भित्रे म्हणण्याची तिथे कुणाची छाती होत नाही. मरणाऱ्या झाडाचं काम जितकं पुढे ढकलाल तितकं ते अवघड आणि महाग होत जातं, हे मात्र तिथल्या जागामालकांना उशिरा कळलं.

आता माझं मागणं. भाव ठरवायच्या आधी, जो प्रत्यक्ष चढणार आहे त्याला झाड दाखवा. कचेरीत बसून, फोटोवरून ठरवू नका. कामाच्या कागदावर असं एक वाक्य घाला, की चढणाऱ्याने कारण सांगून काम थांबवलं तर त्या दिवसाचा रोज सगळ्या टोळीला मिळेल. कारण तो तिथल्या तिथे लिहून देईल, खडूची खूण करून दाखवेल, आम्हाला त्याची अडचण नाही. त्यानंतर दुसऱ्याला बोलवायचं असेल तर बोलवा, तो तुमचा हक्क आहे, पण पहिल्याचं लिहिलेलं कारण आधी त्याच्या हातात द्या. खालच्या माणसाला भावातून काढू नका. एवढं झालं तर बाकीचं आम्ही सांभाळू.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सॉच्या थरथरीने गार पाण्यात पांढरी पडतात, म्हणून आता मी वर कमी असतो आणि खाली जास्त. वर जातो तो तोच मुलगा, काडीवाला. परवा त्याने एका कामावर वीस मिनिटं झाडाभोवती फिरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. काम देणारे गृहस्थ माझ्याकडे वळले, ‘‘तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा त्याला.’’ मी त्यांना म्हटलं, चढणार तो आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘‘काय दिसलं, मला दाखव.’’ त्याने त्यांना बुंध्याशी बसवून दाखवलं. पुढच्या आठवड्यात गाडी आणून ते झाड आम्ही बास्केटमधून उतरवतो आहोत. त्या गृहस्थांनी जे केलं तेच मी तुम्हा सगळ्यांकडे मागतो आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोरावर काम करणारा एक कामगार

ता. क. झाडाजवळ खणायचं असेल तर खणण्याआधी आम्हाला बोलवा. ब्रिटनमधल्या बांधकामाच्या मानकात झाडाभोवती राखून ठेवायच्या जागेचा हिशेब असा आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारा पट अंतर चारही बाजूंनी. अर्धा मीटर जाडीच्या खोडाला ते सहा मीटर होतं. आणि चर आधीच खणून झाला असेल, तर तो कधी आणि बुंध्यापासून किती अंतरावर खणला हे कामाच्या कागदावर लिहा. त्यावरून आम्ही कुणालाही दोष देणार नाही. चढायचं कसं ते फक्त ठरवू.